आई म्हणते 'अंबाबाईची कृपा'. कुठली कृपा, ते मला कळत नाही

जुनी_पेठ | ११ नोव्हेंबर, रात्री १०:४२

आत्ताच आईला देवळातून घेऊन आलो. (बाई असून 'आलो'. कोल्हापूरची आहे, तोंडात तसंच येतं. त्यावर प्रतिसाद नकोत.)

किरणोत्सवाचा तिसरा दिवस होता. बाहेरगावच्यांसाठी सांगते. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीचं ऊन महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातं. पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला पुन्हा तेच. म्हणजे वर्षातून सहा संध्याकाळी, त्याही मोजून काही मिनिटं. तेसुद्धा मध्ये ढग आला नाही तर.

आज ढग आला. ऊन पितळी उंबऱ्यापर्यंत पोचलेलं आम्ही पडद्यावर बघितलं आणि तिथंच ते फिकं होत गेलं. गर्दीनं एक मोठा 'च्च' केला, मोबाइल खाली आले. आईचे हात मात्र जोडलेले तसेच. गुडघे दुखतात म्हणून दोन तास खांबाला टेकून उभी होती. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "तिची कृपा हाय बघ आपल्यावर."

मी गप्प बसले, पण डोक्यात सणक गेली.

२०२१ च्या मे महिन्यात आण्णा गेले. कोविड. बेड शोधण्यात दोन दिवस गेले, मिळाला तेव्हा उशीर झाला होता. तोंड बघायला मिळालं नाही, लांबून एक गुंडाळलेलं काहीतरी दाखवलं. त्याला दोन-अडीच महिने होतात न होतात तोच जुलैत पूर. माझं माहेर जयंती नाल्याच्या अंगाला. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी, पाणी गेलं ५६ वर. २०१९ ला ५५ झालं होतं तेव्हा घर कसंबसं उभं राहिलं होतं. या वेळी मागची भिंत बसली. पुढच्या खोलीत आण्णांचं शिलाईचं दुकान होतं. मशीन, कात्री, गिऱ्हाइकांची शिवायला आलेली कापडं, मापांच्या वह्या, सगळ्याचा एकच चिखल झाला. ती मापांची वही मला हवी होती. त्यांचं अक्षर फक्त तिच्यात होतं.

आई बाहेर पडली ती भाजीच्या पाटीत देव घालून. ज्या शाळेत आम्हाला हलवलं तिथं पहिल्याच संध्याकाळी तिनं पाटी पालथी घातली, वर देव मांडले, कुणाकडून तरी चमचाभर तेल मागून आणलं, दिवा लावला आणि म्हणाली, "आईसाहेबानं सांभाळलं." मी सगळ्यांदेखत ओरडले तिच्यावर. काय सांभाळलं? आण्णा सांभाळले? घर सांभाळलं? ती म्हणाली, "तू हाईस न्हवं."

देव आहे की नाही, हा विषय नाही. त्यावर इथं तीनशे-तीनशे प्रतिसादांचे धागे पडलेत. मला वेगळं विचारायचंय. ज्यांच्यावर खरोखर काही कोसळलं आणि तरी ज्यांचा भरवसा टिकला, तो नेमका कशावर टिकला? पुढं बरं होईल यावर? की बरं नाही झालं तरी हरकत नाही यावर? ज्यांचा नाही टिकला त्यांनीही लिहा.

---

पुण्यातला_कोल्हापूरकर | रात्री १०:५८

वाचतोय. मापांच्या वहीपाशी थांबलो जरा.

---

ग्रहगणित | रात्री ११:०३

लागोपाठ वडील आणि वास्तू दोन्हींवर आघात म्हणजे पत्रिकेतलं चतुर्थ स्थान, घराचं, बघावं लागेल. पत्रिका व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. साधा शांतीचा उपाय आहे, खर्चही फार नाही.

---

सोनतळीकर | रात्री ११:०९

@ग्रहगणित, भावा, ५६ फूट पाणी आलं तवा निम्म्या करवीर तालुक्याचं चतुर्थ स्थान एकदमच बिघडलं हुतं का? जरा बघून सांग.

---

तर्कटराव | रात्री ११:३०

ताई, आधी तुमच्या वडिलांबद्दल मनापासून वाईट वाटतं. तरी स्पष्ट बोलतो. पूर हा देवाच्या मर्जीचा विषय नाही, माणसाच्या मर्जीचा आहे. धरणं काठोकाठ भरल्यावर पाणी सोडायचं, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले की शहरात भोंगे वाजवत फिरायचं, अलमट्टी धरणावरून कर्नाटकाशी वाद घालायचा आणि दुसरीकडं निळी रेषा, लाल रेषा या पूररेषा कागदावर ठेवून नदीच्या पात्रात भराव टाकायचे. पाणी जाणार कुठं? ते तुमच्या माहेरी आलं.

बेड न मिळणं हासुद्धा कुणाच्या तरी नियोजनाचा प्रश्न होता. 'कृपा' आणि 'कोप' हे शब्द अशा लोकांना फार सोयीचे असतात. देवाच्या नावावर टाकलं की कुणाला जाब विचारायला नको.

तुमच्या आईंच्या मनाला त्यातून आधार मिळत असेल तर त्यांच्यापुरतं ठीक. पण तुम्हाला आलेला राग बरोबर आहे, तो विझवू नका.

---

जुनी_पेठ | रात्री ११:४१

@तर्कटराव, भरावाबद्दल शंभर टक्के सहमत. एक दुरुस्ती, आमचं घर आजोबांनी बांधलेलं, या रेषा आखायच्या कितीतरी आधीचं. आम्ही पाण्याच्या वाटेत गेलो नाही, पाण्याची वाट आमच्याकडं वळवली गेली.

पण जाब विचारून झाला तरी रात्री झोप लागत नाही ती नाहीच, माझा प्रश्न त्या वेळचा आहे.

---

सोनतळीकर | १२ नोव्हेंबर, सकाळी ६:१५

दूध घालून आलोय, आता निवांत लिहितो. माझं गाव चिखली. प्रयाग चिखली. भोगावती, तुळशी, कुंभी, कासारी मिळून पंचगंगा हुती ती आमच्या दारात. त्यामुळं पहिलं पाणी आमचं. १९८९ च्या पुरानंतर गावाला सोनतळीला प्लॉट दिले, तवाच आमच्या आज्ज्यानं अर्धा संसार वर न्हेऊन ठेवला. माणसं हसली त्याला. पण गाव सुटतंय का? जमीन खाली, जनावरं खाली.

२०१९ ला रात्रीत पाणी आलं. सात म्हसरं. पाच वर काढली, दोघींची दावी कापून सोडून दिली, म्हटलं जावा तिकडं, तुमचं नशीब. पोहत जाताना एकीनं मागं वळून बघितलं. ते मी अजून इसरलो न्हाई. दोन एकर ऊस नऊ दिवस पाण्याखाली. ज्याला उसातलं कळतंय त्याला सांगायला नको, पोंग्यात, म्हंजे शेंड्याच्या कोवळ्या कोंबात, गाळ बसला की खेळ खलास. पाणी उतरल्यावर शिवारात उभा राहिलो तर वास सहन हुईना.

दुसऱ्या वर्षी माघात खेटे घातले. (बाहेरच्यांसाठी: माघातल्या रविवारी पंचगंगेवर आंघोळ करून अनवाणी जोतिबाच्या डोंगरावर चालत जायचं, त्याला खेटे म्हणत्यात.) वर पोचल्यावर सगळे वरडत्यात, 'जोतिबाच्या नावानं चांगभलं'. मी बी वरडलो. आणि मधीच माझा आवाज अडकला. कुणाचं चांगभलं रं? माझं तर काय चांगबी झालं न्हाई आन् भलंबी.

शेजारी एक म्हातारा हुता, गुलालानं पार लाल. त्याला म्हटलं, बाबा, झालंच न्हाई भलं तर वरडायचं कशाला? त्यो म्हणाला, "अरं, झाल्यावर कशाला वरडतोस? झाल्यावर माणूस घरात पेढं वाटतंय. वरडायचं हुयाच्या आधी."

मला तेवढं पुरलं. सगळ्यांना पुरंल असं न्हाई.

आणि एक. खेटे कशापायी घालत्यात त्याची गोष्ट आमच्यात सांगत्यात ती अशी, की जोतिबा डोंगर सोडून हिमालयात परत निघाला हुता, तवा अंबाबाई सोता कोल्हापुरातनं अनवाणी चालत वर गेली, जाऊ नको म्हणून इनवायला. आता बोला. जिच्या कृपेवर तुमची आई बसलीया, तिलाच पायाला फोड आणून कुणाला तरी थांब म्हणावं लागलंय. म्हणून मला ती जवळची वाटती. तिला ठावं हाय चालणं काय असतंय.

---

पुण्यातला_कोल्हापूरकर | सकाळी ७:०२

सोनतळीकर, ती दुसरी म्हैस?

---

सोनतळीकर | सकाळी ७:२०

एक चौथ्या दिवशी केर्लीच्या बाजूला सापडली. दुसरी न्हाई.

---

माळकरी | सकाळी ९:४४

चांगला धागा. थोडं लांबण लागेल.

आपल्याकडं एक गैरसमज पक्का बसलाय की भक्त म्हणजे जे होईल त्याला मान डोलावणारा. तुकोबांचं आयुष्य बघा. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. थोरली बायको अन्नाविना गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला, दिवाळं निघालं. या माणसानं लगेच टाळ हातात घेतले असं समजू नका. पुढं अभंगात त्यांनी 'बरं झालं देवा, दिवाळं निघालं' असं म्हटलंय खरं, पण ते मागं वळून पाहताना, आणि स्वतःबद्दल. दुसऱ्या कुणाच्या मढ्यापाशी जाऊन त्यांनी ते म्हटलेलं नाही. हा फरक आमच्या कीर्तनकारांनाही कधीकधी उमगत नाही.

शिवाय तुकोबा विठ्ठलाशी जे भांडलेत ते वाचून आजच्या माणसाच्या भावना दुखावतील. देव मेला म्हणण्यापर्यंत गेलेत. नामदेव, जनाबाई, सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्यात. परक्या माणसाला आपण शिव्या देत नाही, त्याच्याशी 'अहो-जाहो' करतो. त्यामुळं रागावणं म्हणजे भरवसा संपला असं मला वाटत नाही. भरवसा संपला की माणूस भांडतसुद्धा नाही, चप्पल घालून निघून जातो.

---

तर्कटराव | सकाळी १०:१०

@माळकरी, हे सुंदर लिहिलंत, पण यात पळवाट आहे. देवानं दिलं तर कृपा, नाही दिलं तर परीक्षा, आणि शिवी घातली तर प्रेम. म्हणजे देव कुठल्याच परिस्थितीत चुकत नाही. असला हिशेब माझ्या ऑडिटमध्ये एका मिनिटात बाद होईल.

---

माळकरी | सकाळी १०:३२

@तर्कटराव, बाद करा. हिशेबच ठेवायचा असेल तर त्याला आपल्याकडं दुसरा शब्द आहे, नवस. इतकं दे, इतकं वाहीन. तो व्यवहार आहे, आणि वाईट आहे असंही म्हणत नाही. कृपा त्या वहीत बसत नाही एवढंच. 'परीक्षा' हा शब्द मात्र माझ्या तोंडी घालू नका. तो मलाही आवडत नाही. घरातला कर्ता माणूस नेऊन कसली परीक्षा?

---

सिस्टर_आजी | दुपारी १:२६

नमस्कार. मी फारशी लिहीत नाही, नातीनं टायपिंग शिकवलं आहे. चुका पदरात घ्या. मी ख्रिस्ती, राहायला कोल्हापुरात, नोकरी मिरजेत एकतीस वर्षं, त्यातली निम्मी रात्रपाळीत.

इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. प्रार्थना करणारे बरे होतात आणि न करणारे दगावतात, असं काही नसतं. मी दोन्ही बाजूंची माणसं दोन्ही बाजूंना जाताना बघितली आहेत. आमच्या मंडळीतले फार श्रद्धाळू गुरुजी होते, त्यांना तोंडाचा कॅन्सर झाला. तंबाखू कधी शिवली नव्हती त्यांनी. त्याच वॉर्डात एक गृहस्थ रोज देवाला आणि आम्हालाही शिव्या देत, ते ठणठणीत होऊन घरी गेले आणि जाताना माझ्यासाठी पेरू ठेवून गेले.

आमच्या शास्त्रात ईयोबाचं पुस्तक आहे. नीतिमान माणूस, एकामागून एक सगळं जातं, गुरं, चाकर, दहा लेकरं, शेवटी अंगभर गळवं. त्याचे तीन मित्र भेटायला येतात. त्याची दशा बघून सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द बोलत नाहीत. माझ्या मते पूर्ण पुस्तकात त्या मित्रांनी केलेलं चांगलं काम तेवढंच. आठव्या दिवसापासून ते तोंड उघडतात, तुझंच काही पाप असेल, देव उगीच कुणाला शिक्षा करत नाही. आणि गंमत बघा, शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. ईयोबानं इतकी तक्रार केली, जन्मलो तो दिवस जळो म्हणाला, देवाला कोर्टात खेचायची भाषा केली, तरी देव म्हणतो की माझ्याविषयी योग्य ते हाच बोलला.

त्यामुळे रात्रपाळीला नवीन मुली आल्या की मी सांगत असे, नातेवाइकांना 'देवाची इच्छा' असं सांगायचं नाही. खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला विचाराल तर माझा भरवसा 'बरं होईल' यावर नाही. माझे मिस्टर गेले तेव्हा मी प्रार्थना करतच होते, ते गेलेच. पण त्या रात्री मी त्या खोलीत एकटी नव्हते, हे मला जितकं खरं वाटतं तितकं दुसरं काही वाटत नाही. पुरावा विचारू नका. @तर्कटराव, तुमच्या ऑडिटला माझ्याकडे पावती नाही.

---

तर्कटराव | दुपारी १:५०

आजी, तुमच्याकडं पावती मागणार नाही. तुमच्या मुलींना दिलेला सल्ला मात्र प्रत्येक दवाखान्यात भिंतीवर लावायला हवा.

---

काकवी | दुपारी ३:०५

मस्त धागा, वाचनखूण साठवली. सकारात्मक राहा, सगळं छान होतं. जे होतं ते चांगल्यासाठीच होतं!

---

बिनउंबऱ्याचं_घर | दुपारी ४:१८

वरचा प्रतिसाद वाचून लिहायचं नव्हतं ते लिहिते आहे.

माझा मुलगा अकरा वर्षांचा होता. ल्युकेमिया. दीड वर्ष. त्याच्या दिवसकार्याला तीन बायकांनी वेगवेगळं येऊन मला सांगितलं की देवाला चांगली माणसं आवडतात. चौथी म्हणाली, जे होतं ते चांगल्यासाठीच. काकवी, तुम्ही वाईट हेतूनं लिहिलं नाही हे मला कळतं. त्याही वाईट नव्हत्या. पण हे वाक्य कुणाच्या दारात जाऊन बोलताना आधी त्या घरात जेवायला किती पानं घेतात ते मोजा.

चार वर्षं मी देवळात गेले नाही. घरातला देव्हारा नवऱ्यानं पुजला, मी त्या खोलीत केरसुद्धा काढला नाही. आता जाते कधीकधी. का जाते ते सांगता येत नाही. विश्वास आला म्हणून नाही.

शेजारी एक काकू आहेत. तेव्हा त्या पंचवीस-तीस दिवस रोज सकाळी दारात डबा ठेवायच्या. दोन भाकरी, काहीतरी कोरडं, मिरचीचा खर्डा. बेल वाजवायच्या नाहीत. मी तो डबा कितीदा तसाच परत ठेवला असेल. त्या रिकामा असो, भरलेला असो, उचलायच्या आणि दुसऱ्या दिवशी नवा ठेवायच्या. मला एकदाही काही म्हणाल्या नाहीत. पुढं एकदा मी विचारलं, तुम्हाला कंटाळा नाही आला? त्या म्हणाल्या, "आमच्या चुलीवर तवा तर तापलेलाच असतोय."

धागाकर्तीचा प्रश्न आहे की भरवसा कशावर टिकला. माझा नाही टिकला. पण मला कुणी 'कृपा म्हणजे काय' असं विचारलं तर मला तो डबा आठवतो. त्याच्या मागे देव होता की नुसत्या काकू, ते ठरवायची मला गरज वाटत नाही.

---

काकवी | दुपारी ४:४०

माफ करा. खरंच. काढून टाकता येत असेल तर माझा प्रतिसाद संपादकांनी उडवावा.

---

बिनउंबऱ्याचं_घर | दुपारी ४:५२

राहू द्या. मग माझा कुणाला कळणार नाही.

---

वाडीचा_मी | संध्याकाळी ७:३३

मी नरसोबाच्या वाडीचा. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचं गाव, दत्त महाराजांचं ठाणं. पाण्याचं आणि देवाचं नातं आमच्याकडं जरा निराळं आहे, म्हणून लिहितो.

पावसाळ्यात नदी वाढली की पाणी देवळात येतं. उत्तरेच्या दारातून आत, महाराजांच्या पादुकांवरून, दक्षिणेच्या दारातून बाहेर. ते बाहेर पडायला लागलं की दक्षिण दाराशी स्नानाला झुंबड उडते. दक्षिणद्वार सोहळा. पाणी चढताना होतो तो चढता, ओसरताना होतो तो उतरता. दुसरीकडं नदी उंबरा ओलांडून आत आली की लोक बोंब मारतात, आमच्याकडं लोक कपडे सांभाळत रांग लावतात. लहानपणी मला वाटायचं, सगळीकडं असंच असतं.

पण याची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. पाणी वाढायची चिन्हं दिसली की पुजारी मंडळी उत्सवमूर्ती उचलून वर नारायणस्वामींच्या मंदिरात नेऊन ठेवतात. दानपेट्या, भांडी, सगळं आधी हलतं. दुकानदार फळ्या काढून माळ्यावर टाकतात. पेढेवाले तर आधीच बंद. आजवर एकाही माणसानं पुजाऱ्यांना विचारलेलं नाही की काय हो, महाराजांवर भरवसा नाही का? हलवायची ती हलवायचीच, आणि मग दक्षिण दाराशी जाऊन डुबकी मारायची. दोन्ही कामं एकाच घरातली माणसं एकाच सकाळी करतात. तर्कटराव आणि माळकरी इथं दोन खुर्च्यांवर बसलेत, वाडीत एकाच माणसाच्या खांद्यावर एका बाजूला दोर आणि दुसऱ्या बाजूला सोवळं असतं.

आता खरं ते सांगतो. २००५, २०१९, २०२१ ला सोहळा वगैरे काही राहिला नाही. पूर्ण देऊळ पाण्याखाली गेलं, गाव रिकामं करावं लागलं. आम्ही नातेवाइकांकडं जयसिंगपूरला होतो. दक्षिणद्वाराला माप आहे. पादुकांवरून वाहतं तोवर सोहळा, त्याच्या वर गेलं की नुसता पूर. २०१९ ला माझे वडील रोज दुपारी बातम्यांत पाण्याची पातळी ऐकायचे आणि म्हणायचे, "महाराज आता पोटभर न्हाले, बास म्हणावं." प्रार्थना म्हणा, वैताग म्हणा. तेवढीच.

---

माळकरी | रात्री ८:०२

"महाराज आता पोटभर न्हाले." वा. माझे वरचे दोन्ही प्रतिसाद यापुढं फिके.

---

पुण्यातला_कोल्हापूरकर | रात्री ८:२०

अवांतर: मापांच्या वहीवरून आठवलं. ओले कागद पूर्ण वाळवून, पानात पान टिपकागद घालून काही वेळा शाई वाचते. उशीर झाला असेल, तरी वही टाकली नसेल तर एखाद्या जुन्या हस्तलिखितांचं जतन करणाऱ्या संस्थेला दाखवा.

---

जुनी_पेठ | १३ नोव्हेंबर, रात्री ९:१५

वही टाकली होती. मीच. तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं.

आज सुट्टी होती. आईला पूर्ण धागा वाचून दाखवला. दीड तास लागला, कारण मध्ये मध्ये तिचं चालू होतं.

तर्कटरावांवर खूश आहे. "ह्यो पोरगा बरोबर बोलतोय. नाल्यात भराव कुणी टाकला ते त्याला नावानिशी विचार." सोनतळीकरांची म्हैस सापडली नाही म्हटल्यावर हळहळली, मग म्हणाली, "पाच वाचवली की त्यानं." सिस्टर आजींबद्दल विचारलं, "ह्या बाई कुठं ऱ्हात्यात, जाऊन येऊया एकदा." ईयोबाची गोष्ट तिला नवी नव्हती, अशीच एक हरिश्चंद्राची आहे म्हणाली. मित्रांवर मात्र चिडली.

बिनउंबऱ्याचं_घर, तुमचा प्रतिसाद वाचला तेव्हा ती काहीच बोलली नाही. उठून आत गेली, दूध तापत ठेवलं, ते उतू जाईपर्यंत तिथंच उभी होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तिला लिव्ह, वाटत न्हाई तवर जाऊ नको म्हणावं देवळात. देवी काय कुठं जात न्हाई."

मग मी धीर करून जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं. आई, आण्णा गेले ती पण कृपाच का?

मला वाटलं, होय म्हणेल. नाहीतर डोळ्याला पदर लावेल. ती म्हणाली, "न्हाई. त्ये मी तिला माफ केलं न्हाई."

मी बघतच राहिले. म्हणाली, "दर शुक्रवारी वटी भराय जातो तवा सांगतो तिला. म्हंतो, बाई, तुझं माझं ह्ये एक ऱ्हायलंय. ध्यानात ठेव." चार वर्षांहून जास्त झाली, दर शुक्रवारी मी या बाईला देवळाच्या दारात सोडते आणि बाहेर गाडीवर बसून मोबाइल बघते. आत हे चाललेलं असतं.

मग रिक्षातली कृपा कसली होती? तर ती म्हणाली, पुराच्या रात्री तिचे पाय गळाले होते. नावेत चढता येईना. अंधारात कुणीतरी मागून काखेत हात घालून तिला उचललं आणि आत ठेवलं, देवाच्या पाटीसकट. वळून बघितलं तर तो माणूस पाण्यातून पुढच्या घराकडं गेलासुद्धा. तोंड दिसलं नाही. परवा देवळात खांबाला टेकून उभी असताना गर्दीचा लोंढा आला, तेव्हा मागून कुणीतरी तसाच हात देऊन तिला बाजूला घेतलं. "त्याची सय झाली, म्हणून म्हटलं." किरणांचा त्याच्याशी संबंधच नव्हता. मी मात्र दोन दिवस ढगावर चिडून बसले होते.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का, माहीत नाही. मला अजून तिच्यासारखं हात जोडता येत नाहीत. शुक्रवारी आत जाऊन बघते तिच्याबरोबर. भांडायला दोघी असलेल्या बऱ्या.

---

तर्कटराव | रात्री ९:३२

आईंना सांगा, भरावाची नावं हवी असतील तर माहिती अधिकारात अर्ज टाकू. मी लिहून देतो, सही त्यांची.

---

जुनी_पेठ | रात्री ९:४०

विचारलं. सही करणार म्हणते. मराठीतच करणार, इंग्रजी अर्ज चालणार नाही.

---

सोनतळीकर | रात्री ९:५५

३१ जानेवारीला परत किरणोत्सव हाय. मी येतो, मावशींना गर्दीत धरायला एक हात जादा. वाडीचा_मी, सिस्टर आजी, कोण कोण येणार? महाद्वाराजवळ चारला.

---

वाडीचा_मी | रात्री १०:०१

येतो. ढग असले तर?

---

जुनी_पेठ | रात्री १०:०४

आई म्हणते, तर मिसळ.